पापुद्र्याच्या सुरकुत्या

मी उजव्या डोळ्यातला पापुद्रा बोलतोय. जरा कान देऊन ऐका. सायीहूनही पातळ माझा देह, आवाज तो केवढा असणार!

माझी मालकीण वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी. पातेल्याचं झाकण काढलं की वाफेनं तिचा चष्मा आंधळा व्हायचा. मनगटानं काचा पुसेपर्यंत सूप उतू जायचं. एकदा तर चष्माच सुपात पडला. सगळ्या पोरी पोट धरून हसल्या, आणि हिनं ठरवलं, आता लेझर!

तोवर मी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात सुखानं नांदत होतो, वेगळा असा नव्हतोच. लेझरनं मला अलगद सोडवलं, फक्त एका कडेला बिजागरीसारखं जोडलेलं ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला दारासारखं उघडलं, आतला नंबर घालवला आणि परत मिटलं. ना टाका, ना गोंद.

"डोळा चोळायचा नाही. आणि इतक्यात चुलीकडे फिरकायचं नाही," त्या म्हणाल्या.

"छे, छे," मालकीण म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती "नुसती डोकावून येते" म्हणत स्वयंपाकघरात हजर! कुणीतरी बटाट्यांवरचं झाकण उचललं. वाफ आली आणि सवयीचा हात तिच्याआधी उठला. पुसायला चष्मा कुठे होता? मनगट थेट माझ्यावर! मी जागचा सरकलो आणि पोरांनी धुडगूस घातलेल्या चादरीसारखा सुरकुतलो.

झालं! दिव्याला पिसारा फुटला, अक्षरांना शेपट्या आल्या आणि घरी सासूबाई दोन दिसू लागल्या. एकीशी जमवून घेतानाच अर्धं आयुष्य गेलं होतं बिचारीचं!

ती कुणाला काही बोलली नाही. "चष्म्यानं काय घोडं मारलं होतं?" असं नवरा आधीच म्हणून चुकला होता. आता डोळा गेला तर कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं चहा गाळायला घेतला.

"अगं, कप इकडे आहे. ओततेस कुठे?" सासूबाई म्हणाल्या.

"लक्ष नव्हतं हो, आई."

"लक्ष नव्हतं की दिसत नव्हतं? ही बोटं किती?"

"...चार."

"दोन आहेत. ऊठ, चपला घाल."

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून मला न्याहाळलं. मालकीण रडवेली झाली. "काय रागवायचं ते रागवा, पण डोळा वाचेल ना?"

"वाचेल. लगेच आलात हे बरं केलंत. सुरकुत्या मुरल्या की हट्टी होतात. राग नंतर, आधी आडव्या व्हा."

बधिर करणारे थेंब पडले. मला पुन्हा उचललं, खालून-वरून पाण्यानं धुतलं आणि ओल्या मऊ स्पंजानं बिजागरीकडून कडेकडे हळूहळू सपाट केलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मधोमध एक सुरकुती मात्र अडून बसली. पुन्हा पाणी, पुन्हा स्पंज. मालकीण श्वास रोखून दिव्याकडे बघत होती.

"झालं का?" दाराबाहेरून सासूबाई.

"नाही, आजी."

"आता?"

"आजींना कुणीतरी पाणी द्या रे!"

तेवढ्यात ती सुरकुतीही गेली. मी जागेवर बसून सुकलो. माझ्यावर दुलईसारखी मऊ लेन्स घातली आणि डोळ्यावर झाकण चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी लेन्स काढली. मालकिणीनं तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग वळून सासूबाईंकडे बघतच राहिली.

"आई, तुमच्या हनुवटीवर तीळ आहे?"

"जन्मापासून आहे. तुला आज सवड झाली."

दोघी हसल्या. मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. चोळायला उठलेला हात सासूबाईंनी वरच्यावर धरला.

आता मी सपाट पडून मजेत आहे. कडेला एक पुसटशी रेघ उरली आहे, तीही यंत्राखालीच दिसते. माझ्या भाऊबंदांपैकी कुणी तुमच्या डोळ्यात राहायला आला, तर थोडे दिवस हात आवरा. आम्हाला कौतुक नको. तुमची नजर आमच्यावर अडू नये, आमच्यातून थेट तुमच्या माणसांपर्यंत पोचावी, एवढंच मागणं.