मागे वळणारी एक रेघ

"थोरलीला डोळे दिले, धाकटीला गळा दिला," आई कपडे वाळत घालताना म्हणायची, "वाटणी झाली, आता भांडू नका."

आईला जाऊन वर्षं लोटली, तरी तो आवाज थोरलीच्या कानात ओलाच होता. वाटणी मात्र तिला अजून मान्य नव्हती. गळ्याला टाळ्या मिळतात. डोळ्यांना चष्मा मिळतो.

डोळ्यांवरच तिची नोकरी चालायची. इंटरनेटवर जाहिराती देणाऱ्या कंपन्या तिच्या ऑफिसला विचारत, आमची जाहिरात माणसांनीच पाहिली ना? कारण पुष्कळदा पाहणारं कोणी नसायचंच. कुठल्याशा खोलीतली यंत्रं माणसांचं सोंग घेऊन जाहिराती चालवत आणि मधला दलाल पैसे घेऊन मोकळा होई. पाहणाऱ्या प्रत्येकाची स्क्रीनवर एक रेघ उमटे, तो कधी आला, किती थांबला, कुठे वळला याची; ती बघून थोरली सोंग ओळखायची. माणूस रेंगाळतं, चुकतं, दूध उतू गेलं की गाणं अर्ध्यावर टाकून उठतं, जीव गुंतला की मागे वळतं. यंत्राला मागे वळायचं काही कारण नसतं.

धाकटी शिवणाच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडायची. आईच्या अंगाया तिने फोनवर म्हणून इंटरनेटवर ठेवल्या, तसा एक जाहिरातवाला तिला येऊन भेटला. म्हणाला, गाण्याआधी साबणाची जाहिरात लावू, ऐकणारे आणायचं काम माझं. त्याने आणले, हजारोंनी आणले. शेजारणी जिन्यात धाकटीला वाट देऊ लागल्या आणि थोरलीला विचारू लागल्या, "तुम्ही तिच्याच बहीण का हो?" जन्माला आधी येऊन ती ओळखीत मागे पडली. पोटात दुखू लागलं, आणि या पोटदुखीवर ओवा चालत नाही.

धाकटीच्या अंगायांमध्ये सगळ्यात गाजली ती ही:

निजली माझी मैना, वारा दाराशी थांबला,
तिच्या श्वासाच्या तालाने दिवा हळूच वाकला.

मैना म्हणजे थोरली. आईने ही ओळ बांधली तेव्हा धाकटीचा पत्ताही नव्हता. तिला ती मिळाली फ्रॉकांसारखी, थोरलीला आखूड झाल्यावर. आणि आता जो तो म्हणत होता, तिलाच काय शोभते!

एके दिवशी साबणाच्या कंपनीचं काम नेमकं थोरलीच्याच टेबलावर आलं. तिने धाकटीच्या अंगाईच्या रेघा उघडल्या आणि तिला हसू फुटलं. ऐकणारे एका दमात आत शिरत, जाहिरात संपली की एका दमात बाहेर. गाणं सुरू व्हायच्या आत सगळं सामसूम. मुंग्यासुद्धा इतक्या शिस्तीने चालत नाहीत. हजारोंच्या त्या गर्दीत एकही बाळ निजलं नव्हतं.

ते हसू तिला दिवसभर गोड लागलं आणि संध्याकाळी त्याचीच भीती वाटली. चोर पकडल्याचा आनंद असा नसतो. मग रिपोर्ट लिहायला हात उचलेना. हात कामाचा की मत्सराचा, तिचं तिलाच कळेना. आज लिहू, उद्या लिहू, असं करत ती गप्प राहिली.

सुट्टीच्या दिवशी धाकटी आली ती उजळूनच. उद्या कारखान्याची नोकरी सोडते म्हणाली. एवढी माणसं कान लावून बसलीत, त्यांना रोज नवं काही नको का ऐकवायला?

आता गप्प राहणं म्हणजे बहिणीला विहिरीच्या काठावर चालताना बघत बसणं. थोरलीने ऑफिसचा लॅपटॉप तिच्यापुढे वळवला आणि एकेक रेघ दाखवली. ही यंत्रं, हीपण यंत्रं. रिपोर्ट गेला की जाहिराती बंद होतील, हेही सांगून टाकलं.

धाकटीने लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाली, "जळतेस तू माझ्यावर, ताई."

"जळते," थोरली म्हणाली. "पण यंत्रं मी नाही आणली."

धाकटीने डोळे पुसले. तिचं बोट मात्र रेघांवरून फिरतच राहिलं, गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तसं. आणि एका जागी अडलं.

"ही कोण गं?" तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "ही जाहिरात संपल्यावरही थांबलीय. रोज दुपारी येते. आणि बघ, त्याच ओळीवरून मागे वळते, परत परत. हे तरी माणूस आहे ना?"

असेल कोणी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. थोरलीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला नाही.

"ती मी," ती म्हणाली. "डबा खाऊन झाला की तुझी चूक शोधायला बसायचे. 'दाराशी' म्हटल्यावर आई श्वास घ्यायची, आठवतं? तूही तिथेच घेतेस. तेवढ्यासाठी मागे यायचे. मी खूप करून पाहिलं, चिमणे. मला तो येत नाही."