फरशी लावलेला पिंजरा

वर्षानुवर्षं परदेशात राहून कुणी घरी परतलं, की घरचे त्याच्यासाठी काहीतरी करून ठेवतात. कुणी खोलीला रंग देतं, कुणी नवा पलंग आणतं. एलिक्कुट्टीच्या धाकट्या भावानं, कुरुविलानं, पिंजरा बांधला होता.

पिंजरा तिच्या कुत्रीसाठी होता. परसात फणसाच्या सावलीला, खाली निळी फरशी, वर पत्रा, पुढं लोखंडी गज आणि गजांना घराच्या खिडक्यांचाच हिरवा रंग. केरळातल्या पाला गावाच्या आसपास घर तिथं पिंजरा असतोच. दिवसभर कुत्रं आत, रात्री फाटकाला कुलूप लागलं की बाहेर. पण फरशी लावलेला पिंजरा उभ्या वाडीत दुसरा नव्हता. शेजारचा म्हातारा वर्कीचेट्टन बघायला आला तेव्हा म्हणाला, "कुरुविला, यात मीच राहायला येतो रे! माझ्या न्हाणीघरालासुद्धा एवढी चांगली फरशी नाही."

सगळे हसले. एलिक्कुट्टीही हसली. भावानं किती हौसेनं केलंय, हे तिला दिसत होतं. म्हणून तिनं तोंड उघडलं नाही.

तेवीस वर्षं ती ओमानमध्ये, निझवा गावातल्या एका दवाखान्यात नर्स होती. लग्न करायचं राहून गेलं. आई-बाप, भाऊ, भावाची मुलं यांच्यात आयुष्य वाटलं गेलं. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यामागच्या खजुरीच्या बागेत तिला एक पिल्लू सापडलं होतं, वाळूच्या रंगाचं, डोळेही न उघडलेलं. खजुराला तिकडं 'तमर' म्हणतात, म्हणून ती तमरा. तेव्हापासून एलिक्कुट्टीचा दिवस तमरानं उजाडायचा आणि तमरानं मावळायचा. संध्याकाळी सात वाजता ती जपमाळ घेऊन खाली सतरंजीवर बसायची, तमरा तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकायची. एवढ्या मोठ्या परक्या मुलखात प्रार्थनेला दुसरं माणूस नव्हतं. एक बाई म्हणायची, एक कुत्री ऐकायची.

आणि आता घर होतं, माणसं होती, पण तमरा गजाआड होती.

पहिल्याच दिवशी तमरा सवयीनं तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा कुरुविलाची बायको लिसी दोन पावलं मागं सरली होती. नणंदेला ती चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायची. म्हणाली, "चेच्ची, राग मानू नका. पण कुत्रं घरात आलेलं कुणी बघितलं, तर उद्या चर्चमध्ये हाच विषय. म्हणतील, आखातातून नणंद आली आणि घराचा गोठा झाला."

"नाही गं, राग कसला," एलिक्कुट्टी म्हणाली आणि स्वतःच्या हातानं तमराला पिंजऱ्यात सोडून आली.

असं एकेक होत गेलं. कॉफीत साखर जास्त असली तरी ती प्यायची. सकाळी फिरायला जायचं तिनं सोडलं, कारण रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "परत कधी जाणार?" अम्मच्चीच्या खोलीला दिवसा बाहेरून कडी असते, हे तिनं पाहिलं. अम्मच्ची म्हणजे तिची आई, ऐंशीच्या पुढची. मागच्या वर्षी एकटीच विहिरीकडं गेली आणि घसरून पडली, तेव्हापासूनची ही कडी. "काय करणार चेच्ची, मी एकटी कुठं कुठं बघू?" लिसी म्हणाली. आणि नर्स असलेल्या एलिक्कुट्टीनंही मान हलवली. "बरोबर आहे, पडण्यापेक्षा बरं." दूर देशी असताना आपलं घर मनात वाढत जातं, खोल्यांवर खोल्या चढतात. परत आल्यावर त्याच घरात माणूस अंग चोरून बसतं, कुणाला आपला धक्का लागू नये म्हणून.

आठव्या दिवशी तमरा विव्हळायला लागली.

दिवसभर नाही. सात वाजता, घरात दिवा लागला, जपमाळेचे पहिले शब्द उमटले, की परसातून तो लांब, चढत जाणारा सूर यायचा. जप संपेपर्यंत थांबायचा नाही. तिचं खाणं सुटलं. गजावर घासून घासून नाकावरची कातडी सोलली. एकदा ताट सरकवणाऱ्या लिसीवर ती गुरगुरलीसुद्धा. नऊ वर्षांत पहिल्यांदा!

वर्कीचेट्टन कुंपणापलीकडून म्हणाला, "कुरुविला, हसण्यावारी नेऊ नकोस. कुत्रं असं रडतं ते मरण बघून. तुझ्या घरात म्हातारं माणूस आहे."

कुरुविला घाबरला. मनानं वाईट नव्हता तो. आईवर जीव होता त्याचा. त्यानं दगडाच्या खाणीवरच्या पत्रोसला निरोप धाडला. पत्रोसला राखणीला कुत्री लागायची. शनिवारी येऊन घेऊन जातो, असं ठरलं.

"चेच्ची, तुला चालेल ना?" त्यानं विचारलं.

खाणीवरची कुत्री कशी असतात, हे तिला ठाऊक होतं. दिवसरात्र साखळी, धूळ, सुरुंगाचे आवाज. पण समोर भाऊ होता, भावजय होती, आणि हे घर तिला उरलेलं सगळं आयुष्य हवं होतं.

"चालेल," ती म्हणाली.

गुरुवारी पेन्नम्मा नारळ उतरवायला आली. चाळिशीची, काटक बाई. पायांत लोखंडी यंत्र अडकवून झपझप माडावर चढायची. दीड महिन्यानं तिची फेरी असे. चार माड उतरवून ती खाली आली, घाम पुसला, आणि एलिक्कुट्टीनं दिलेली कोरी कॉफी हातात घेऊन पिंजऱ्याकडं बघत राहिली.

"ही तुमच्याबरोबर विमानातून आली ना?"

"हो."

"एवढे कागदपत्र करून, एवढ्या लांबून आणलीत. कोंडायला?"

एलिक्कुट्टी हळूच म्हणाली, "इथली रीतच ती आहे, पेन्नम्मा."

"रीत!" पेन्नम्मानं कपावरची फुंकर थांबवली. "चेच्ची, खालून प्रत्येकाला आपापलं कुंपण दिसतं. मला माडावरून सगळी परसं एकदम दिसतात. प्रत्येक परसात एक चौकोन, आणि चौकोनात एक जीव गोल गोल फिरत असतो. अकरा कुत्री आहेत या वाडीत. गॅसवाल्याला चावलं ते कोणाचं? वळणावरच्या घरातलं. सहा वर्षं त्याला माणसाचा हात लागलेला नाही. भात गजाखालून सरकवायचा, अंघोळ नळीनं. मग सुटलं की ते चावेल नाही तर काय, या बसा म्हणून खुर्ची देईल?"

"लोक म्हणतील, ही बाहेरून आली आणि आम्हाला शिकवते."

"म्हणू देत की! मी पहिल्यांदा माडावर चढले तेव्हा खाली उभं राहून हसत होते सगळे. बाईमाणूस माडावर! आता तेच फोन करतात, पेन्नम्मा, कधी येतेस गं, नारळ डोक्यात पडायला आलेत." ती क्षणभर हसली, मग तिचा चेहरा गंभीर झाला. "तुम्ही नर्स ना, चेच्ची? पेशंट हाका मारायला लागला तर तुम्ही त्याच्याकडं जाता, का त्याला दुसऱ्या दवाखान्यात पाठवून देता? वर्कीचेट्टननं सांगितलं मला, ही रोज सात वाजता रडते आणि शनिवारी खाणीवर जाणार. ती कोणाला हाक मारते, ते या घरात एकट्या तुम्हाला माहिती आहे. आणि तुम्हीच बोलत नाही."

"मी आत्ताच कुठं आलेय गं. मला यांच्यात राहायचंय."

"राहा ना. पण तोंड मिटून राहतो तो पाहुणा. घरचं माणूस बोलतं, भांडतं, रुसतं. तुम्ही अजून घरी आलाच नाहीत, चेच्ची."

पेन्नम्मा यंत्र खांद्यावर टाकून पुढच्या घरी गेली. एलिक्कुट्टी परसातच उभी राहिली. तिला निझव्यातली पहिली दोन वर्षं आठवली. नर्सांच्या वसतिगृहाचं फाटक आठवडाभर बंद असायचं. शुक्रवारी दोन तास उघडायचं. 'तुमच्याच सुरक्षेसाठी,' असं व्यवस्थापक सांगायचे. जेवण वेळेवर होतं, खोली थंड होती, फरशी तर आरशासारखी. आणि तरी ती फाटकाचे गज धरून रस्त्यावरची माणसं बघत उभी राहायची. ते सगळं ती कशी विसरली? कुठल्या तोंडानं विसरली?

त्या संध्याकाळी सात वाजता दिवा लागला. लिसीनं अम्मच्चीला खोलीतून आणून खुर्चीवर बसवलं. कुरुविलानं जप सुरू केला. पहिला मणी ओढला आणि परसातून तो सूर उठला.

"शनिवारपर्यंत सोसायचं," कुरुविला पुटपुटला.

एलिक्कुट्टी उठली. जप चालू असताना त्या घरात कधी कुणी उठलं नव्हतं. ती मागच्या दारानं गेली, पिंजऱ्याची कडी ओढली आणि गळपट्ट्याला धरून तमराला आत घेऊन आली.

"चेच्ची! प्रार्थनेच्या खोलीत!" लिसी ताडकन उभी राहिली.

एलिक्कुट्टी उंबऱ्याशीच खाली बसली. तमरानं तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. एक लांब श्वास सोडला आणि गप्प झाली. इतकी गप्प, की दिव्याची वात तडतडलेली ऐकू आली.

"कुरुविला," एलिक्कुट्टी म्हणाली. "हिला मरण दिसत नाही. नऊ वर्षं याच वेळेला ही माझ्याजवळ अशी बसत आली. जपाचे शब्द ऐकले की हिला वाटतं, मला बोलावतायत. तू हौसेनं पिंजरा बांधलास, मला कळतं रे. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही, हा माझा दोष. पण मी हिला खाणीवर पाठवणार नाही."

"आणि अम्मच्चीला काही झालं तर?" कुरुविलाचा आवाज चढला. "तुझ्या कुत्रीपायी?"

तेव्हा खुर्चीतून अम्मच्ची बोलली. ती फार बोलायची नाही. लोक धरून चालले होते, की तिला आता फारसं कळत नाही.

"मला त्या रडण्याची भीती नाही वाटली कधी," ती म्हणाली. "मला तिचं कळत होतं. माझ्याही दाराला बाहेरून कडी असते ना! तिला ओरडता येतं. मला लाज वाटते."

अरे देवा! इतके दिवस या घरातली माणसं कुत्रीच्या रडण्याचा अर्थ शेजाऱ्याकडून ऐकून घेत होती, आणि ज्या आईच्या जिवाची काळजी म्हणून हे सगळं चाललं होतं, तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं!

लिसी खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. "अम्मच्ची, पडाल म्हणून हो… मी एकटी कुठं कुठं पुरी पडू?"

"तू एकटी नाहीस," एलिक्कुट्टी म्हणाली. "तेवीस वर्षं मी परक्यांच्या आयांना हात धरून चालवलं. कडी बघून मान डोलावली तीही मीच. उद्यापासून अम्मच्चीचा दिवस माझा."

कुरुविलाच्या हातातली जपमाळ तशीच लोंबत होती. तो उठला आणि आईच्या पायाशी येऊन बसला. तमरा तिथून हातभर अंतरावर होती. त्यानं चाचरत तळवा पुढं केला. तमरानं हुंगला, आणि डोळे मिटले.

"मघाशी कुठल्या मण्यावर होतो आपण?" त्यानं विचारलं. कुणालाच आठवेना. मग त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली.

शनिवारी पत्रोस साखळी घेऊन फाटकाशी आला. त्या वेळी परसातून तिघी सावकाश फिरत येत होत्या. एलिक्कुट्टीच्या हातात अम्मच्चीचा हात, आणि अम्मच्चीच्या पावलाला पाऊल लावून तमरा.

"कुत्री द्यायची नाही," कुरुविला फाटकातच म्हणाला. "आमच्या घरातली आहे."

पत्रोसनं परसाकडं नजर टाकली. "मग तो पिंजरा तरी द्या. फरशी झकास आहे. माझं कुत्रं तिथं साखळीला झिजतंय."

कुरुविलानं क्षणभर विचार केला. "पिंजरा नेऊन काय करशील? त्याला इकडं घेऊन ये. चेच्ची त्याची मान बघेल. साखळीनं जखम झाली असेल."

पत्रोस अवघडून हसला. येतो असं म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही.

वाचकहो, कुणाच्या जिवाची काळजी म्हणून आपण दार लावतो, आणि पुष्कळदा ती काळजी त्याची नसून आपल्या सोयीची असते. पिंजऱ्याला कितीही चांगली फरशी लावा, आत बसणाऱ्याला ती फरशी दिसत नाही, त्याला गज दिसतात. कुत्रं असो की म्हातारी आई, जो जीव आपल्या आसऱ्याला आहे, त्याला अन्नाच्या आधी आपला हात हवा असतो. आणि जी माणसं दूरदेशाहून घरी परततात, त्यांनी तिकडं शिकलेलं चांगलं काही लाजून लपवू नये. घरच्यांनीही ते परकं म्हणून टाकून देऊ नये. आज संध्याकाळी आपल्या घरात एकदा फिरून या. कुठलं दार बाहेरून लावलेलं आहे का, ते बघा. असेल, तर आतल्या जिवाला आधी विचारा.