चोवीस हजार दर्शनांचा तक्ता

महाराजांच्या सत्संगाला इंदापुरातल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज म्हणे ज्याला साखरेचा आजार, त्याच्याच मोबाइलवर आपणहून प्रकटायचे. धडधाकट माणसाला दिसायचे नाहीत. रोज दर्शन होऊ लागलं की माणसं इन्सुलिन सोडून महाराजांचा काढा पिऊ लागत.

वरकुट्याच्या अक्काबाईनंही तेच केलं. परवा तिच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. तिची नात अंजली मागच्या रांगेत दात आवळून बसली होती.

"एका महिन्यात चोवीस हजार भक्तांना दर्शन! तीनशे जण ठणठणीत बरे!" महाराजांचा चेला रणजित माइकवर गरजला. "आम्ही नाही, कॉम्प्युटर सांगतोय! विज्ञानानंसुद्धा महाराजांपुढं हात जोडलेत!"

पडद्यावर तक्ता उमटला. टाळ्या कडाडल्या. अंजली ताडकन उठली. असले तक्ते वाचणं हेच तिचं बारामतीतलं काम होतं.

"दर्शन कसलं? पैसे भरून दाखवलेली जाहिरात आहे ही! चोवीस हजार वेळा दिसली. माणसं किती, तो शेजारचा रकाना वाचा."

रणजित वाचेना, तशी अंजलीच पडद्यापाशी गेली.

"सहाशे! म्हणजे एकेकाला सरासरी चाळीस वेळा. भीमातात्या, तुमाला किती वेळा दिसले?"

"रोज एकदा-दोनदा तरी," पुढच्या रांगेतून तात्या म्हणाले.

"मग तुमी एकटेच चाळीस भक्त झालात!"

लोक हसले. काढ्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या ठमाबाई हसल्या नाहीत. "आगं, पर आजाऱ्यालाच कसं दिसतंय? माज्या सुनंला न्हाय दिसत."

अंजलीनं पडद्यावरच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. 'भिगवण शिबिर, साखर जास्त.'

"भिगवणला फुकट तपासणीत मोबाइल नंबर दिलावता ना?"

"व्हय."

"साखर जास्त निघालेल्यांचेच नंबर यांनी जाहिरातीला लावले, म्हणून ती तुमालाच दिसते."

"आणि बरे झालेले तीनशे?" रणजित किंचाळला.

"तो आकडा जाहिरातीवर बोट दाबणाऱ्यांचा आहे! त्यात माझी आज्जीपण मोजलीय. जा, दवाखान्यात जाऊन बघ तिचा पाय!"

पडदा घाईघाईनं काळा झाला. अंजली लोकांकडं वळली.

"आकडा मोठा दिसला म्हणून मान डोलवू नका. काय मोजलं, कुणाला मोजलं, विचारा. आणि इन्सुलिन सोडलेल्यांनी हितं बसू नका. सरकारी दवाखाना अजून उघडा हाय."

ठमाबाईंनी काढ्याची बाटली खुर्चीखाली ठेवली, पदर खोचला आणि त्या दाराकडं निघाल्या. मागोमाग भीमातात्या. मग खुर्च्या सरकण्याचा आवाज वाढत गेला.