दंडाचं माप

“झालं, संपली माया,” टेपताई म्हणाली आणि उसवलेली शिवण माझ्यासमोर धरली. “आता आणखी फुगले तर पडदा गुंडाळून यावं लागेल.”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. ताईने वर्षभरात तिसऱ्यांदा स्वतःचा गणवेश कमरेत सैल केला होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर आमची शिवणखोली. सगळ्या बायकांचे गणवेश आम्ही दोघीच शिवायचो. बावीस वर्षं गळ्यात टेप, म्हणून तिचं नाव टेपताई.

बटण लावून घ्यायला आलेल्या मोठ्या सिस्टर हसल्या. “पाळी गेली ना तुझी? मग पोट येणारच. हार्मोन्स कमी झाले की चरबी पोटावर येऊन बसते. माझं नाही का झालं? चालत जा, थोडी वजनं उचल.”

“चालते की. जेवणही निम्म्यावर आलंय. दोन घासांत पोट गच्च होतं.”

“तरी वाढतेस? हवा खातेस वाटतं!” हे मी म्हणाले. तिघी खो खो हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. आमच्या मापांच्या वहीत पन्नाशीतल्या बायकांची पानं काढा, कंबर दरवर्षी बोटभर पुढे सरकलेली दिसेल. म्हणून तर कुणाच्या मनात काही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवं कापड आलं. ताईचा नियम कडक. अंदाजाने कापायचं नाही, माणूस समोर उभं करायचं आणि नवं माप जुन्याशेजारी लिहायचं. नियम सगळ्यांना, ती सोडून. स्वतःचा गणवेश ती नजरेनेच उसवायची, नजरेनेच शिवायची. वहीत तिचं एकच माप होतं, दोन वर्षांपूर्वी मी बळेच घेतलेलं. या वेळीही मी हटूनच बसले.

“उभी राहा गुपचूप.”

“राहते गं बाई. हात गार आहेत तुझे.”

कंबर सात इंच वाढली होती. मी काहीतरी चावट बोलणार होते, तेवढ्यात दंडाला टेप लावली. दंड दीड इंच कमी. टेप घसरली असेल म्हणून पुन्हा घेतली. तेवढाच. खांदाही आत गेला होता.

“काय आलं?” तिने विचारलं. मी आकडे जुन्यांशेजारी लिहिले. तिने वही ओढून घेतली, वाचली आणि मग भराभरा मागची पानं उलटत गेली. एका पानावर तिचं बोट थांबलं.

धुलाईखात्यातली बाई. तिचीही कंबर वाढलेली, दंड उतरलेला. पुढच्या वर्षीच्या मापांची जागा कोरी. तिचा गणवेश शिवून तयार होता, पण तो न्यायच्या आधीच पोटाच्या दुखण्यात ती गेली. तो अजून आमच्या दांडीवर टोकाला लटकत होता. ताई कुणाला त्याला हात लावू द्यायची नाही.

“तिला मीच म्हटलं होतं,” ताई म्हणाली, “या वयात व्हायचंच गं, कशाला घाबरतेस.”

मी धावत जाऊन मोठ्या सिस्टरांना गाठलं. मापं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. “चरबी असती तर दंडही भरला असता. मी रोज बघत होते तिला,” एवढंच म्हणाल्या आणि स्वतः ताईला सोनोग्राफीला घेऊन गेल्या.

मी खोलीत एकटी उरले. मशीनवर बसवेना. दांडीवरचा तो गणवेश नजरेसमोरून हलेना. शेवटी उठले, तो काढला, घडी घातली आणि कपाटात चिंध्यांच्या मागे सारला. ताईच्या दृष्टीस पडायला नको, बस्स.

दुपारी ती आली. चालणं नेहमीचंच.

“गाठ आहे म्हणाले. मोठी आहे. सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे.” मग तिची नजर दांडीकडे गेली. “तिचा कुठे गेला?”

मी कपाटाकडे बघितलं.

“काढ तो. होता तिथे लाव.”

मी लावला. तिने नवं कापड टेबलावर अंथरलं, वही उघडून शेजारी ठेवली आणि आज लिहिलेल्या मापांवर खडू टेकवला.

“ताई, मी शिवते ना तुझा.”

“तू कंबर शिव. माया भरपूर ठेव, कमी करायचं झालं तर करता येईल.” तिने चष्मा पुसून लावला. “बाह्या मी करते. दंडाचं माप सांग पुन्हा, मोठ्याने.”

मी सांगितलं. तिने तेवढंच आखलं.