सहावा बूट

जाड चष्म्याच्या ढापणीला वर्गाने दोन वर्षं छळ छळ छळलं, आणि मग एकदाचा देव पावला. वर्गात परग्रहावरची मुलगी आली, चांगली सहा पायांची. सहा पाय म्हणजे सहा बूट, आणि शाळेच्या नियमाप्रमाणे सहाही पॉलिश केलेले. पोरांना तेवढंच हवं होतं. तिचं नाव त्यांनी गोम ठेवलं आणि ढापणीला पार विसरून गेले.

आता जिने स्वतः सोसलंय तिने तरी शहाण्यासारखं वागावं की नाही? पण छे! वर्गातल्या छळणाऱ्या टोळीच्या म्होरकीने तिला फर्मान काढलं, की आमच्यात राहायचं असेल तर गोमेचा रोज एक बूट पळवायचा. ही बया लागली की कामाला. खेळाच्या तासाला सगळे बूट काढून ठेवत. ही त्यातला एक दप्तरात कोंबायची आणि घरी पलंगाखाली ढकलायची. गोमेला ते दिसायचं, तरी ती ना रडली, ना तिने तक्रार केली. बाईंनी विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे बरे वाटतात. म्होरकीचा नुसता जळफळाट व्हायचा.

सहावा बूट गेला त्या संध्याकाळी ढापणीच्या घरची बेल वाजली. दारात गोम आणि तिचे आईबाबा. अठरा पाय, त्यातले सहा अनवाणी. ढापणी आईच्या मागे दडली. तिच्या आईने एकदा पुसलेल्या फरशीकडे पाहिलं आणि मंडळींना आत घेतलं.

पण मंडळी भांडायला आलीच नव्हती. गोमेची आई अडखळत सांगू लागली, की त्यांच्याकडे जिला बहीण मानायचं तिचा रोज एक बूट न्यायचा. सहाही नेले की नातं पक्कं, मग घरच्यांनी भेटायला जायचं.

"इथे आल्यापासून पोरगी धड जेवत नव्हती," ती म्हणाली. "पहिला बूट गेला, त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं."

ढापणीच्या आईला लेकीचं कोण कौतुक वाटलं! आमची पहिल्यापासूनच मायाळू, म्हणून ती सुरूच झाली. ढापणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बूट आणते म्हणून ती आत पळाली, तर मागोमाग गोमही आली. पलंगापाशी ढापणीने खरं काय ते सांगून टाकलं. बहीण मानायला नव्हे, तुला रडवायला नेले.

"सहाही?" गोमेने विचारलं.

"सहाही."

गोम खाली बसली. एकेक बूट चढवून तिने सहा नाड्या बांधल्या. मग बाहेर जाऊन म्हणाली, "आई, आपलं घर चुकलं. बूट हिला नुसते सापडले, नेणारी ती मुलगी ही नव्हे."

तिची आई बिचारी ओशाळली. दहादा माफी मागून तिघं जिना उतरू लागली. ढापणीला राहवेना. ती धावत जिन्यात गेली.

"काकू, घर नाही चुकलं. मी चुकले." आणि वर स्वतःची आई ऐकत उभी असताना तिने पहिल्या बुटापासून सगळं सांगितलं.

गोमेने शांतपणे ऐकून घेतलं. "हे उद्या वर्गात सांगशील? त्या म्होरकीसमोर?"

उद्यापासून पुन्हा आपलीच पाळी, हे ढापणीला पक्कं ठाऊक होतं. तिला रडूच फुटलं, आणि रडत रडतच ती हो म्हणाली.