कचऱ्यातले एकशे बारा खोकले

ध्वनिसंग्रहालयात त्याला सगळे फिनाईल म्हणायचे आणि त्याला त्यात कौतुकच वाटायचं. परदेशात तैनात असलेल्या जवानांसाठी पन्नास वर्षांपूर्वी रेडिओवर जो कार्यक्रम लागायचा, त्याच्या फिती साफ करून संगणकावर चढवायचं काम त्याच्याकडे होतं. फिती चिकट झालेल्या. आधी आठ तास मंद भट्टीत शेकायच्या, मग एकदाच वाजवून घ्यायच्या, कारण दुसऱ्या खेपेला त्यांचा पार भुगा व्हायचा. त्यानंतर हा पठ्ठ्या कान टवकारून बसायचा आणि खरखर, खुर्चीची करकर, कागदाची सळसळ, जे सापडेल ते उपटून काढायचा. काढलेले आवाज मात्र तो 'कचरा' नावाच्या फाइलमध्ये जपून ठेवायचा, कारण साहेबांना महिनाअखेरीस केलेल्या कामाचा पुरावा लागे. त्यांची सही झाली की कचरा पुसायचा.

महिना संपायला दोन दिवस असताना कार्यक्रमाच्या निवेदिका स्वतः ऐकायला आल्या. घरची पत्रं जवानांना वाचून दाखवायच्या म्हणून त्या सगळ्या पलटणींच्या ताई झाल्या होत्या. वय ब्याऐंशी, आवाज अजून खणखणीत, आणि एकदा सुरू झाल्या की समोरच्याला हूं म्हणायचीही सोय नाही. तळघराचा जिना उतरता उतरता त्यांनी फिनाईलला आपले गुडघे, सुनेची बदली आणि जुन्या स्टुडिओचं गळकं छत, असं सगळं सांगून टाकलं.

खुर्चीत टेकल्यावर त्या मुद्द्यावर आल्या. त्यांचे यजमान त्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज टिपले आणि स्वतःचा एकही मागे ठेवला नाही. गेल्या वर्षी ते गेले.

"पण माझ्या कार्यक्रमात हे खोकायचे," ताई म्हणाल्या. "खोली एवढीशी, माझ्या पाठीमागेच यंत्र घेऊन बसलेले. मी पत्रात वाहवत गेले की एकदा खोकायचे, म्हणजे आवर. दोनदा खोकले की वेळ संपली. पुढे संसारातही तेच केलं. तेवढंच ऐकायला आलेय मी."

अकरा फितींतून एकशे बारा खोकले फिनाईलने मोजून काढले होते, आणि या माणसाला स्टुडिओत घेतलं कुणी, असं साहेबांना हसत हसत विचारलंही होतं.

सांगायचा धीर होईना, म्हणून त्याने साफ केलेली फीत लावली. ताईंचा तरुण आवाज लख्ख उमटला. कुणाच्या तरी आईचं पत्र होतं. ताई मान कलती करून शेवटपर्यंत थांबल्या.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "यात मी एकटीच आहे."

मग त्याला कबूल करावंच लागलं. ताईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की विचारता सोय नाही. असं जित्याजागत्या माणसाला कुणी उपटून टाकतं का, तुझ्या घरी कुणी खोकत नाही का, उद्या तुझ्या बायकोने तुझं घोरणं शोधलं तर तिला काय दाखवशील, असं एकामागून एक चालू झालं. फिनाईलला त्यांना अडवता येईना. त्याने गुपचूप 'कचरा' उघडला आणि सुरू केला.

स्पीकरमधून खरखर आली, खुर्ची करकरली, कागद सळसळला. ताईंचा पट्टा चालूच होता. त्या साहेबांपर्यंत पोहोचल्या होत्या. "आणि तुझ्या त्या साहेबाला सांग, की माणसाने आधी..."

पाठीमागच्या स्पीकरमधून कोरडा, जरासा वैतागलेला खोकला आला.

ताई तिथल्या तिथे गप्प झाल्या. वाक्य तसंच अर्धवट राहिलं. हात मात्र अजून हवेत होता, तो त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला. तेवढ्यात दुसरा खोकला आला.

"बघितलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "अजून बोलू देत नाहीत."

आणि पुढचे एकशे दहा खोकले त्यांनी तोंडातून अवाक्षरही न काढता ऐकले.