नारिंगी फडकं

धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी फुटबॉलचं नवं स्टेडियम उघडलं. मी आणि दादा तिथे सर्वांत वरच्या मजल्यावर पहारेकरी होतो. छप्पर असं वळवलेलं, की लोकांचा ओरडा बाहेर न जाता खाली मैदानावर आदळायचा. त्या आवाजात वायरलेस ऐकू येत नसे, म्हणून डॉक्टरांना बोलवायचं तर नारिंगी फडकं हलवायचं, असा नियम होता.

रविवारी झालेल्या अंतिम सामन्याला दादा छाती धरून पायरीवर बसला. "जिना आहे की भिंत रे ही?" एवढं म्हणून कलंडला. मी फडकं हलवू लागलो, तेवढ्यात गोल झाला. आमच्या संघाचा रंगही नारिंगीच. हजारो रुमाल एकदम हवेत गेले. खाली डॉक्टर वर बघून हसत टाळ्या वाजवत होते.

"अहो, माणूस जातोय इथे!" मी घसा फोडून ओरडलो.

"हसा की भाऊ, जिंकलोच समजा!" म्हणत शेजारच्याने मला मिठी मारली.

त्याला ढकलून मी दादाला पाठीवर घेतलं आणि तो उभा जिना उतरू लागलो. माझा थोरला भाऊ त्याच रविवारी, सामना संपायच्या आधी, माझ्या पाठीवर वारला.